पहिलीच्या आधीची मशागत



आपल्या अंकात बहुतेक वेळा बेणे, खते, पाणी, ऊसदर आणि गळीत हेच विषय असतात, आणि ते असावयासच हवेत. या वेळी मात्र थोडा निराळा विषय घेतला आहे. तसा तोही लागणीचाच आहे, फक्त ही लागण तीन ते सहा वर्षांच्या पोरांची आहे.

उसाची लागण करताना आपण किती जपतो पाहा. बेणे दहा-अकरा महिन्यांचे आणि बेणेमळ्यातलेच हवे, खोडव्याचे चालत नाही. टिपरी औषधाच्या पाण्यात बुडवून काढतो, डोळा वर-खाली न जाता बाजूला राहील अशी सरीत दाबतो. तुटाळ दिसली की महिन्याच्या आत नांग्या भरतो. कारण पुढे मोठ्या बांधणीला कितीही युरिया टाकला तरी रिकाम्या जागेतून ऊस उगवत नाही, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. पोर म्हणजे काही ऊस नव्हे, तेव्हा या उदाहरणावर कुणी रागावू नये. पण लवकरच्या काळजीचे मोल आपल्याइतके कोणाला कळणार, म्हणून ते घेतले.

आता शाळेचे बघू. जूनमध्ये पहिलीचा वर्ग भरतो. त्यातली काही पोरे पहिल्या दिवसापासून बोलतात, गुरुजींनी सांगितलेले ऐकतात, रांगेत उभी राहतात. काही नुसतीच बसून असतात. नाव विचारले तर मान खाली घालतात. 'लाल मणी एकीकडे, हिरवे दुसरीकडे कर' म्हटले तर काय करायचे ते उमगत नाही. अशा पोराला आपण 'जरा मंद आहे' म्हणून मोकळे होतो. पण हे शंभरातल्या नव्वद वेळा खोटे असते. त्या पोराशी कुणी धडपणे बोललेले नसते, त्याने गोष्ट ऐकलेली नसते, चार पोरांत बसून आपली पाळी येईपर्यंत थांबायचे असते हे त्याला ठाऊक नसते. इकडे गुरुजींना अभ्यासक्रम पुढे न्यायचा असतो. पहिलीत राहिलेली तूट दुसरीत वाढते, आणि चौथीपर्यंत पोर वाचायचेच टाळू लागते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात असे नमूद आहे की, मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आतच होते. म्हणूनच त्या धोरणाने शाळेचा पाया तीन ते आठ वर्षे असा एकसलग धरला आहे. त्यात पहिली तीन वर्षे अंगणवाडी किंवा बालवाडीची, पुढची दोन पहिली-दुसरीची.

बोर्डीचे अंगण

या कामाची मुळे आपल्याच महाराष्ट्रात आहेत, हे पुष्कळांना माहीत नसते. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढले. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक त्यांच्या कामात सामील झाल्या. माँटेसोरीबाईंची शिक्षणपद्धती त्या काळी नावाजलेली होती, पण तिची साधने महाग आणि शाळा शहरी सुखवस्तू घरांतल्या मुलांच्या. हे खेड्यात कसे न्यायचे, हा ताराबाईंपुढचा प्रश्न. त्यासाठी १९४५ साली त्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या. तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. त्यांच्यासोबत अनुताई वाघ होत्या. पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा जन्म, तेराव्या वर्षी वैधव्य, पुढे शिकून शिक्षिका झालेल्या. पुढची सत्तेचाळीस वर्षे, १९९२ साली मृत्यू येईपर्यंत, अनुताईंनी याच कामात घातली.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली, पण गरीब वस्तीतली पोरे येईनात. आता अशा वेळी आपण काय म्हणतो? 'सोय केली, तरी येत नाहीत, त्यांनाच नको आहे.' ताराबाईंनी तसे म्हटले नाही. पोर शाळेकडे येत नाही ना, मग शाळा पोराकडे नेऊ, असे ठरवून त्यांनी बालवाडी वस्तीतल्या अंगणातच भरवली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथून आला. साधने कुठली, तर शंख-शिंपले, बिया, गोटे, पाने, काड्या. त्यांनीच मोजणे, त्यांनीच लहान-मोठे लावणे, त्यांचीच रांगोळी.

१९५७ साली हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे दुसरी अडचण पुढे आली. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत का येत नाही, तर तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. धाकट्याला सांभाळायला कुणी नाही, म्हणून थोरलीची शाळा बुडते. त्यावर त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एकाच ठिकाणी चालवले. त्याला विकासवाडी म्हणत. ताई आली की कडेवरचे पोरही आले, दोघांची सोय एका छपराखाली. गुरे वळणाऱ्या पोरांसाठी तर कुरणातच शाळा भरवली, ती कुरणशाळा. कडेवरचे पोर ध्यानात ठेवा, पुढे आपल्या फडात ते पुन्हा भेटणार आहे.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. आज देशात चौदा लाखांच्या आसपास आणि आपल्या राज्यात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. पोषण आहार, लसीकरण, वजन-उंची आणि शाळापूर्व शिक्षण असे सगळे तिथे व्हावे, अशी योजना. प्रत्यक्षात वजनाचा काटा आणि खिचडी यांना सेविकेचा वेळ जातो, नोंदी करण्यात उरलासुरला जातो, आणि गाणी-गोष्टी-खेळ हे शेवटी पडते. सेविकेला दोष देण्याआधी आपण तिच्या अंगणवाडीत शेवटचे कधी डोकावलो होतो, ते प्रत्येकाने आठवावे. गावात 'खाऊची शाळा' असे नाव पडले आहे, ते आपणच पाडले आहे.

'पहिले पाऊल'

कोरोनाच्या साथीत मार्च २०२० पासून शाळांबरोबर अंगणवाड्याही बंद झाल्या. त्यामुळे जून २०२२ ला पहिलीत येणारी पोरे जवळजवळ कधीच वर्गात बसलेली नव्हती. ही तूट भरून काढावी म्हणून राज्याच्या शिक्षण खात्याने 'प्रथम' संस्थेच्या मदतीने 'पहिले पाऊल' नावाचे शाळापूर्व तयारी अभियान त्या साली गावोगाव घेतले. पुढच्या सालीही ते चालले. त्याची रीत मला फार पटली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एप्रिलमध्ये शाळेत पहिला मेळावा भरतो. पहिलीत दाखल होणारी मुले आणि त्यांच्या आया यांना बोलावणे असते, कुठे कुठे ताशा वाजवीत दिंडी काढून. शाळेच्या आवारात सात टेबले मांडलेली. पहिल्यावर नावनोंदणी आणि एक 'विकासपत्र' हाती मिळते. पुढच्या टेबलांपाशी पोराने काहीबाही करून दाखवायचे. आखलेल्या रेघेवरून चालायचे, उड्या मारायच्या, चेंडू झेलायचा. वस्तूंचे सारखे-वेगळे गट करायचे. चित्र बघून त्यात काय चालले आहे ते आपल्या बोलीत सांगायचे. वस्तू मोजायच्या, कमी कुठे जास्त कुठे ते दाखवायचे. अनोळखी माणसाला आपले नाव सांगायचे. गावातली कॉलेजात जाणारी पोरेपोरी टेबलांवर स्वयंसेवक असतात. पोराला काय येते, कशाला मदत लागते, ते विकासपत्रावर नोंदतात. पास-नापास नाही. शेवटच्या टेबलावर आईशी बोलणे होते आणि घरी काय घ्यायचे याची कार्डे तिला मिळतात.

खरे काम इथून सुरू होते. एका आळीतल्या पाच-सहा आयांचा गट करायचा. त्यांनी आठवड्यातून एकदा जमायचे, त्या आठवड्याचे खेळ समजून घ्यायचे आणि दीड-दोन महिने ते घरी करून घ्यायचे. जूनमध्ये शाळा उघडताना दुसरा मेळावा होतो, तेव्हा तेच विकासपत्र पुन्हा भरायचे. फरक आईला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो.

यात पुस्तक नाही, फी नाही. भाजी निवडताना 'मेथीची जुडी इकडे, कोथिंबीर तिकडे' असे पोराकडून करून घेणे हे वर्गीकरण झाले. 'घरात माणसं किती, ताटं किती मांडायची?' हे गणित झाले. शेंगा सोलताना बोटांना वळण लागते, तेच उद्या पेन्सिल धरायला उपयोगी पडते. रानातून येताना वाटेत काय काय दिसले ते रात्री आजोबांना सांगणे, ही भाषा. आमच्या आया हे पूर्वी करीतच होत्या. आता तेवढे बोलणे घरात राहिले नाही. पोर रडले की मोबाईल हातात दिला जातो, पोरही गप्प आणि घरही गप्प. मोबाईल बोलतो, पण पोराचे ऐकून घेत नाही, ही त्यातली खरी गोम आहे.

इथे एक अप्रिय गोष्ट बोलतो. आपल्यापैकी ज्यांना परवडते ते तीन वर्षांचे पोर टाय बांधून पिवळ्या गाडीत बसवतात आणि दहा-बारा किलोमीटरवरच्या इंग्रजी नर्सरीला धाडतात. ज्याने त्याने आपल्या पोराचे ठरवावे, मी कोण सांगणारा? पण एक गोष्ट तपासून बघावी. पोर घरी येऊन काय सांगते? ए-बी-सी-डी धडाधड म्हणते, आणि 'आज शाळेत काय झालं रे?' विचारले तर गप्प होते, असे असेल तर पैसे पाठांतराला गेले, तयारीला नाही. तीन वर्षांच्या हाताची हाडे-स्नायू रेघा गिरवायला तयार झालेले नसतात. त्या वयात पाटीवर अक्षर घोटून घेणे म्हणजे पाच महिन्यांच्या उसाचे गूळ करायला निघणे. आणि गावातल्या पुढारी घरांची पोरे गाडीने गेली की अंगणवाडीकडे बघणारे कुणी उरत नाही. मग छत गळते, नळ तुटतो, सेविका चार-चार महिने अर्ज करीत बसते.

ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावी असा दंडक आहे. ती कशावर गेली, हे ग्रामसभेत विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. ऊसदरासाठी आपण सर्वसाधारण सभेत माईक सोडत नाही, मग तिथेच का गप्प बसावे?

फडातली पोरे

आता विषयाचा जड भाग. आपल्या गावातली पोरे तरी आपल्या डोळ्यांपुढे असतात. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे आपल्या कार्यक्षेत्रात आणखी पोरे येतात, ती कुणाच्याच हिशेबात नसतात. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव या भागांतून टोळ्या उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची तर दोघांनाही फडात उतरावे लागते. पहाटे अंधारात निघायचे, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, ट्रॉली रात्री अपरात्री आली तरी उठायचे. सहा-सात वर्षांवरच्या मुलांना कुठे हंगामी वसतिगृहात, कुठे आजीजवळ गावी ठेवतात. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला, तेव्हापासून सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेने दाखल करून घेतलेच पाहिजे. परंतु तीनचार वर्षांचे पोर त्या कायद्यात बसत नाही आणि वसतिगृहातही बसत नाही. ते आईबरोबर येते.

मागच्या हंगामात आमच्या फडावर बांधाला एक पोरगी बसलेली होती. असेल आठ-नऊ वर्षांची. मांडीवर भाऊ, शेजारी दुसरे पोर वाढ्याशी खेळत होते. तिच्या आईला म्हटले, "बाई, पोरगी शाळेत नाही घातली?" ती मोळी बांधता बांधता म्हणाली, "घातली व्हती मालक. पर बारकी कुनी बघायची? ही हाय म्हून आमचा कोयता चालतुया."

मी गावच्या सेविकाताईंकडे गेलो. माझा समज असा की त्या म्हणतील, बाहेरच्या पोरांना नियमात बसत नाही. त्या म्हणाल्या, "तात्या, नियमात बसतं. टोळीतली पोरं असोत की कुणाची, खाऊ द्यायचा, वजन घ्यायचं, नावं लिहायची. आता तर मोबाईलमधल्या पोषण ट्रॅकरवर स्थलांतराची नोंदसुद्धा होते. पण टोळी कधी आली आन् कुठल्या रानात उतरली, हे मला सांगतं कोण? मला कळतं तवर ती दुसऱ्या गटात गेलेली असती."

बोलणे ऐकून चमकलो. कारण टोळी कधी आली, किती कोयते, कुठे कोप्या पडल्या, कोणाचा ऊस आज आणि कोणाचा परवा, हे सगळे कुणाला माहीत असते? मुकादमाला, स्लिपबॉयला, गटाच्या शेतकी मदतनिसाला आणि ज्याच्या रानात तोड आहे त्या सभासदाला. उसाची नोंद गुंठ्यागुंठ्याची ठेवतो आपण, लागणीची तारीख, जात, क्षेत्र. त्याच रानात उतरलेल्या पोरांची नोंद ठेवायला वहीत एक रकाना वाढवावा लागेल, एवढेच.

मुंबई-दिल्लीत बांधकामावरच्या बायांची हीच अवस्था होती. १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी एका बांधकामाच्या जागेवरच, बायांच्या कामाशेजारी पाळणाघर सुरू केले. त्यातून 'मोबाईल क्रेशेस' ही संस्था उभी राहिली. इमारत पुरी झाली, मजूर हलले, की पाळणाघरही हलायचे. बोर्डीच्या अंगणाचीच ही युक्ती, फक्त अंगण फिरते. टोळीलाही असेच फिरते अंगण लागते.

कायद्याचेही बघा. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ च्या ४८ व्या कलमाप्रमाणे ३० हून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्याने पाळणाघर ठेवावे, असा नियम होता. पण फडात राबणारी बाई कारखान्याच्या हजेरीपटावर नसते, ती मुकादमाच्या वहीत असते, आणि तिथेही बहुतेक तिचे नाव नवऱ्याच्या नावाखाली झाकलेले. ऊस मात्र आपल्याच गव्हाणीत पडतो. दुसरीकडे सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात असे म्हटले आहे की, ज्या ग्रामीण वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, त्या वस्तीने मागणी केल्यापासून तीन महिन्यांत तिला अंगणवाडी मिळाली पाहिजे. कारखान्याजवळच्या मोठ्या तळावर चाळीस पोरे सहज भरतात. अडचण एवढीच की हंगाम पाच-सहा महिन्यांचा. तीन महिने वाट बघण्यात गेले तर मोळीची शेवटची गाडी जवळ आलेली असते. तेव्हा मागणी तळ पडल्यावर नव्हे, बॉयलर पेटण्याच्या आधी, मागच्या हंगामाच्या आकड्यांवर करावी लागेल.

एरवी विखुरलेल्या कोप्यांसाठी मोठे काही लागत नाही. ज्याच्या रानात तोड आहे त्याने एक सावलीची जागा द्यावी, गोठ्याची पडवी असो की वस्तीवरचे छप्पर. पिण्याचे पाणी द्यावे. गावात बारावी झालेली, घरी बसलेली एखादी मुलगी सकाळी तीन तास पोरांना घेऊन बसली, गाणी म्हटली, गोष्ट सांगितली, चिंचोके मोजायला दिले, तर तेवढ्याने बालवाडी होते. तिच्या मानधनाचे काय करायचे, ते गटातल्या सभासदांनी बसून ठरवावे. तिला माझी एकच सूचना राहील की, पोरे त्यांच्या बोलीत बोलतील ते बोलू द्यावे, 'हाय' म्हटले की 'आहे म्हण' म्हणून टोकू नये. शुद्ध बोलणे शाळा शिकवील, आधी बोलणे तर येऊ दे. आणि कडेवरचे पोर घेऊन आठ वर्षांची ताई आली तर तिला परत पाठवू नये. धाकट्याला इथे बसवून तिला शेजारच्या शाळेत नेऊन बसवावे. कोसबाडला हेच केले होते.

पोरे फडात असली की ट्रॅक्टर मागे घेताना, पाचट पेटवताना काय होऊ शकते, ते इथे लिहीत नाही. सगळ्यांना माहीत आहे.

तेव्हा यंदा टोळी रानात उतरेल त्या संध्याकाळी मुकादमाला कोयते विचारताना पोरेही विचारावीत. सहा वर्षांखालची किती, त्यात तिनाच्या वरची किती, नावे काय. एका चिठ्ठीवर लिहून ती दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या अंगणवाडी सेविकेच्या हाती द्यावी, आणि तोड संपून टोळी पुढच्या गटात हलली की त्या गटाच्या स्लिपबॉयकडे तीच चिठ्ठी पोचती करावी. तिच्यावर पोराचे वजन आणि लसीची तारीख सेविकाताई लिहून देतील.